बिनराज्याच्या भाषेचा ज्ञानकोश

ज्या भाषेच्या पाठीशीं मोठें राज्य नाहीं, जिचे बोलणारे चार देशांच्या सीमांमध्यें विखुरलेले आहेत, आणि आजच्या आजी-आजोबांच्या बाळपणीं जी शाळेंतून व कचेरींतून हद्दपार झालेली होती, अशा भाषेनें सर्वांस खुला असा ज्ञानकोश रचावा तो कोणाच्या बळावर? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. युरोपच्या नैर्ऋत्य भागांतील कातालान भाषेनें त्याचें उत्तर कृतीनें दिलें आहे, आणि तें उत्तर मराठी बोलणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां तरी शांतपणें ऐकून घ्यावें असें आहे.

प्रथम दोन-चार आंकडे पाहूं. कातालान बोलणाऱ्यांची संख्या सुमारें १ कोटि आहे. २०११ च्या खानेसुमारींत मराठी ही आपली मातृभाषा असें सांगणारे ८ कोटि ३० लाख भरले. आंतरजालावर ‘विकिपीडिया’ नांवाचा जो ज्ञानकोश आहे, जो कोणींही वाचावा आणि कोणींही लिहावा अशी ज्याची रीत आहे, त्यांत कातालान भाषेंत ७ लाखांहून अधिक लेख आहेत. मराठींत ते सुमारें १ लाख आहेत. बोलणारे आठपट आणि लेख सातवा हिस्सा! लेखांची संख्या म्हणजे ज्ञान नव्हे, दोन ओळींचे लेखही त्या मोजणींत येतात, हें कबूल. परंतु प्रत्येक भाषेच्या कोशांत असलेच पाहिजेत अशा एक हजार विषयांची यादी करून त्यांवरील लेखांची लांबी-रुंदी तपासण्याचीही एक पद्धति आहे, आणि त्या तपासणींतही कातालान कोश कित्येक वर्षें अग्रभागीं राहिलेला आहे.

हा फरक कशानें पडला? संपत्तीचें कारण अंशतः खरें आहे. बार्सेलोना हें श्रीमंत शहर आहे. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. खरें कारण असें कीं, त्या भाषेच्या अभिमान्यांनीं आपलें काम सरकारावर टाकलें नाहीं आणि बाजारावरही टाकलें नाहीं. त्यांनीं एक मंडळ स्थापिलें. त्या मंडळाचें नांव ‘अमिकाल विकिमीडिया’. त्याची हकीकत सांगणें, व ‘मुक्त ज्ञान’ या शब्दांत कोणता अर्थ भरलेला आहे तें पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चार देशांतील एक भाषा

कातालान भाषा स्पेनमधील कातालोनिया, वालेन्सिया व बालेआरिक बेटें या प्रांतांत बोलली जाते. पिरेनीज पर्वताच्या पलीकडे फ्रान्सच्या दक्षिण टोकाशीं ती आहे; इटलीच्या सार्डिनिया बेटावरील आल्गेरो गांवींही आहे; आणि डोंगरांत वसलेल्या अंडोरा नांवाच्या चिमुकल्या राज्याची तर ती एकमेव राजभाषा आहे. तंजावरापासून इंदूर-बडोद्यापर्यंत पसरलेल्या मराठीच्या वाचकांस ही स्थिति समजण्यास कठीण नाहीं. राज्यांच्या सीमा एकीकडे जातात आणि भाषेचा ओघ दुसरीकडे वाहतो, हा अनुभव आपलाही आहे.

१९३९ सालीं स्पेनमधील यादवी युद्ध संपून जनरल फ्रँको सत्तेवर आला, आणि १९७५ मध्यें त्याचा अंत होईपर्यंत कातालान भाषेस शाळेंत व सरकारी कामकाजांत थारा राहिला नाहीं. मुलें घरीं एका भाषेंत बोलत आणि शाळेंत दुसऱ्या भाषेंत शिकत. आपली मातृभाषा लिहितां न येणाऱ्यांची एक संपूर्ण पिढी अशा रीतीनें तयार झाली.

पण त्या भाषेच्या गांठीं एक पूर्वपुण्याई होती. ती म्हणजे लोकांनीं मिळून कोश रचण्याची संवय. मायोर्का बेटावरील आंतोनी मारिया अल्कोवेर नांवाच्या एका धर्मोपदेशकानें १९०१ सालीं एक निमंत्रणपत्र काढलें. आपापल्या गांवांतील शब्द, म्हणी व उच्चार टिपून पाठवा, आपण सारे मिळून भाषेचा कोश करूं, असें त्याचें तात्पर्य होतें. गांवोगांवच्या लोकांनीं शब्द पाठविले. अल्कोवेर १९३२ मध्यें वारला. त्याचा सहकारी फ्रान्सेस्क दे बोर्जा मोल यानें तें काम पुढें चालवून १९६२ सालीं दहावा खंड पुरा केला. एका माणसानें आरंभावें आणि दुसऱ्यानें तीस वर्षें खपून तडीस न्यावें, असें तें काम आहे. दुसरा थोर पुरुष पोंपेउ फाब्रा. हा शिक्षणानें इंजिनियर. पण भाषेचें शुद्धलेखन, व्याकरण आणि कोश या तिन्ही गोष्टी त्यानें नीटनेटक्या घालून दिल्या. त्याचा शब्दकोश १९३२ मध्यें निघाला. १९३९ सालीं त्याला देश सोडावा लागला, आणि १९४८ च्या नाताळच्या दिवशीं फ्रान्समधील प्राद या गांवीं तो परदेशांतच निवर्तला.

या दोन्ही कार्यांचें मराठी रूप आपल्या इतिहासांत आहेच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं भागभांडवलाची मंडळी उभारून आणि ठिकठिकाणीं वर्गणीदार मिळवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढले, दाते आणि कर्वे यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. परके सरकार असतांना, सरकारी खजिन्याकडे न पाहतां, समाजानें आपल्या हिमतीवर कोश रचावा ही कल्पना आपणांस नवी नाहीं. नवी आहे ती एवढीच गोष्ट, कीं आतां तिला छापखाना व कागद लागत नाहीं.

मित्रमंडळाची स्थापना

विकिपीडियाचा जन्म १५ जानेवारी २००१ रोजीं अमेरिकेंत इंग्रजी भाषेंत झाला. दोन महिने पुरे होतात न होतात तोंच, १६ मार्च रोजीं, कातालान भाषेसाठीं वेगळी जागा मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशीं तिच्यांत पहिला लेख लिहिला गेला. इंग्रजीबाहेरील भाषांत लेखनाचा मान त्या लहानशा भाषेनें असा पहिल्या झटक्यांत पटकाविला. लेखाचा विषय होता ‘आबाक’. म्हणजे मुलांस गणित शिकविण्याची मण्यांची चौकट. मराठी विकिपीडियाचा आरंभ त्यानंतर दोन वर्षांनीं, १ मे २००३ रोजीं, झाला.

आरंभीं हें काम एकेकट्या माणसांचें होतें. पण एकेकटा माणूस ग्रंथालयाशीं करार करूं शकत नाहीं, संग्रहालयाच्या चालकांपुढें बसूं शकत नाहीं, कायदा होत असतांना विधिमंडळास निवेदन देऊं शकत नाहीं. म्हणून २००८ मध्यें या लेखकांनीं आपली संस्था स्थापिली. ‘अमिकाल’ म्हणजे मित्रमंडळ. यादवींत परागंदा होऊन पुढें नाझींच्या माउटहाउझेन येथील छळछावणींत पडलेल्या लोकांच्या मंडळानेंही हेंच नांव घेतलें होतें. तेव्हां त्या शब्दास सोबतीचा व सोसण्याचा एक वास आहे.

लगेच अडचण उभी राहिली. विकिपीडियाच्या जागतिक व्यवस्थेंत संलग्न शाखा देशागणिक असत. या मंडळाचें म्हणणें, आम्ही एका देशाचे नाहीं, एका भाषेचे आहोंत. आमचे सभासद बार्सेलोनाचे आहेत, वालेन्सियाचे आहेत, फ्रान्समधील पर्पिन्यांचेही आहेत. आम्हांस कोणत्या देशाच्या दावणीला बांधणार? हा वाद कित्येक वर्षें चालला. शेवटीं २०१३ सालीं ‘विषयानुसार संघटना’ असा एक नवा वर्ग निघाला आणि त्या वर्गांतील पहिली मान्यता या मंडळास मिळाली. मान्यता मिळेपर्यंत मंडळानें हात बांधून बसण्याचें मनांतही आणलें नाहीं, हें विशेष.

मंडळाचें काम कसें चालतें

या मंडळाच्या कामांत डोळे दिपविणारें असें कांहीं नाहीं. तें शिक्षकांस, विद्यार्थ्यांस व निवृत्त गृहस्थांस एकत्र बसवून लेख कसा लिहावा, आधार कसा द्यावा, दुसऱ्याच्या लेखांतील चूक सौजन्यानें कशी दुरुस्त करावी हें शिकवितें. त्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयें. कातालोनियांत ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. १९१५ सालीं बार्सेलोना येथें खास स्त्रियांसाठीं ग्रंथपालनाची शाळा निघाली. १९१८ मध्यें वाल्स या गांवीं पहिलें लोकग्रंथालय उघडलें, आणि त्या शाळेंतून शिकून निघालेल्या स्त्रियांनीं पुढें गांवोगांवचीं ग्रंथालयें चालविलीं. आज त्याच परंपरेंतील ग्रंथपाल आपल्या गांवच्या लेखकांविषयीं, देवळांविषयीं, जत्रांविषयीं ज्ञानकोशांत लेख लिहितात. पुस्तक त्यांच्या कपाटांत असतेंच. त्यामुळें आधार देण्यास अडचण पडत नाहीं.

संग्रहालयांशीं केलेल्या सहकार्याचें एक उदाहरण मनोरंजक आहे. सुप्रसिद्ध चित्रकार जोआन मिरो याच्या नांवें बार्सेलोना येथें जें प्रतिष्ठान आहे, तेथें २०११ मध्यें चित्रांशेजारीं काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणा लावण्यांत आल्या. पाहुण्यानें आपला दूरध्वनियंत्राचा डोळा त्या खुणेवर धरावा, कीं त्या चित्राविषयींचा विकिपीडियांतील लेख त्याच्या स्वतःच्या भाषेंत पडद्यावर उमटावा अशी ती योजना होती. यंत्र कोणत्या भाषेचें आहे तें खूण आपोआप ओळखते. संग्रहालयास दहा भाषांतील पाट्या लावाव्या लागल्या नाहींत. मात्र त्या त्या भाषेंत कोणींतरी लेख लिहिलेला असला पाहिजे. न लिहिला तर त्या भाषेच्या माणसानें परभाषेंत वाचावें, एवढाच त्याचा अर्थ!

या सर्व कामास पैसा लागतो, पण फार लागत नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथील विकिमीडिया प्रतिष्ठान वाचकांच्या लहानमोठ्या देणग्यांवर चालतें. त्याच्याकडून अशा मंडळांस अनुदान मिळतें. जाहिराती घ्यावयाच्या नाहींत असा नियम आहे. लेखकांस लेखनाचा मोबदला मिळत नाहीं.

विनामूल्य आणि मुक्त

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण सारा विषय त्यावर उभा आहे. विनामूल्य वस्तु आणि मुक्त वस्तु या एक नव्हत. अन्नछत्रांत पोटभर जेवण विनामूल्य मिळतें. पण उद्यां छत्र बंद झालें कीं जेवणारा उपाशी. कोणीं आपणांस मूठभर बियाणें दिलें तर आपण तें पेरतों, पीक आल्यावर शेजाऱ्यास देतों, आणि देणारा उद्यां राहिला नाहीं तरी बी राहतें. आंतरजालावर विनामूल्य वाचावयास मिळणारी पुष्कळशी माहिती अन्नछत्रांतील जेवणासारखी आहे. ती मालकाच्या मर्जीवर आहे. ती छापून वाटण्याचा, भाषांतर करण्याचा, अंधांसाठीं वाचून मुद्रित करण्याचा अधिकार वाचकास असतोच असें नाहीं.

मुक्त ज्ञान हें बियाण्यासारखें आहे. विकिपीडियावरील लेख ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नांवाच्या परवान्याखालीं प्रसिद्ध होतात. हे परवाने प्रथम २००२ सालीं निघाले, आणि विकिपीडियानें ते २००९ मध्यें स्वीकारले. त्यांतील अटी दोनच: मूळ लेखकाचा उल्लेख करावा, आणि त्यावर आधारून जें नवें कराल तेंही तसेंच मुक्त ठेवावें. एवढें पाळलें कीं कोणींही तें छापावें, विकावें, शाळेंत वांटावें, सुधारावें. आणि एकदां दिलेलें हें दान परत घेतां येत नाहीं.

विद्याधन हें दिल्यानें वाढतें असें आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवीत आलों. परंतु प्रामाणिकपणें विचार केला तर विद्या कोणास द्यावी आणि कोणास देऊं नये याविषयीं आपल्या समाजानें किती कुंपणें घातलीं होतीं हेंही आठवतें. पोथी सोवळ्यांत राहिली आणि पुष्कळदां वाळवीच्या तोंडीं गेली. ज्या घराण्यांनीं विद्येचा वारसा सांगावा, त्यांच्यावर तो वारसा खुला करण्याचें कर्तव्य इतरांहून अधिक आहे, कमी नाहीं.

कायद्याचा प्रश्न

मुक्त ज्ञानाच्या चळवळीस कायद्याचा विचार करावाच लागतो. ग्रंथकारास आपल्या कृतीवर हक्क असावा, त्याचा मोबदला त्याला मिळावा, याविषयीं दुमत नाहीं. प्रश्न असा कीं, त्याच्या मरणानंतर तो हक्क किती काळ चालावा? आपल्या १९५७ च्या कायद्यांत ही मुदत ५० वर्षें होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्यें निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपणार, तोंच मुदत दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली व ती ६० वर्षें झाली. एका थोर कवीच्या ग्रंथांसाठीं केलेली ही वाढ देशांतील लहानमोठ्या सर्व ग्रंथकारांस लागू झाली.

स्पेनमध्यें ही मुदत त्याहून मोठी आहे. १९८७ च्या डिसेंबरापूर्वीं वारलेल्या ग्रंथकारांच्या बाबतींत तेथें ८० वर्षांचा नियम आहे. याचा परिणाम पाहा: ज्या फाब्रानें आपल्या भाषेस व्याकरण आणि कोश दिला, त्याचें लेखन त्याच्या मायदेशांत १ जानेवारी २०२९ रोजीं सार्वजनिक होईल, भारतीय मोजणीप्रमाणें तें २००९ च्या आरंभींच तसें झालें. ज्याला भाषेसाठीं देशत्याग करावा लागला, त्याचें पुस्तक त्याच्या देशबांधवांस मुक्तपणें छापावयास परक्यांहून वीस वर्षें उशीर!

म्हणूनच युरोपांतील अशीं मंडळें कायदेमंडळापुढें आपलें म्हणणें मांडीत असतात. २०१८-१९ मध्यें युरोपीय संघाचा ग्रंथस्वामित्वाचा नवा कायदा होऊं घातला, तेव्हां लोकांनीं जालावर ठेवलेला प्रत्येक मजकूर आधीं यंत्रानें गाळून घेण्याची सक्ति होईल अशी भीति उत्पन्न झाली. ३ जुलै २०१८ रोजीं इटालियन विकिपीडियानें निषेध म्हणून आपले लेख झांकून ठेवले. कायदा २६ मार्च २०१९ रोजीं मंजूर झालाच. परंतु नफ्यासाठीं न चालणारे ज्ञानकोश त्या जाचक कलमांतून वगळले गेले, आणि स्वामित्वाची मुदत संपलेल्या चित्राची हुबेहूब नक्कल काढून कोणीं तिच्यावर नवा हक्क सांगूं नये असें कलमही त्यांत आलें. सर्व मिळालें नाहीं, पण कांहीं मिळालें. आणि तें मागणारे संघटित होते म्हणून मिळालें.

लेखणीबरोबर वाटही हवी

ज्ञान मुक्त असलें तरी त्याकडे जाणारी वाट कोणीं अडविली तर काय उपयोग? याच विचारांतून अंकीय हक्कांचा, म्हणजे संगणकाच्या जगांतील नागरिकांच्या हक्कांचा, प्रश्न निघतो. २००५ सालीं कातालान भाषा-संस्कृतीसाठीं ‘डॉट कॅट’ असें स्वतंत्र संकेतनाम मंजूर झालें. भाषेच्या नांवानें मिळालेला तो पहिलाच पत्ता होय. २०१७ च्या सप्टेंबरांत कातालोनियाच्या स्वातंत्र्यासंबंधीं जनमत घेण्यावरून माद्रिद व बार्सेलोना यांमध्यें झगडा पेटला, तेव्हां न्यायालयाच्या आज्ञेनें कांहीं संकेतस्थळें बंद करण्यांत आलीं. २० सप्टेंबर रोजीं संकेतनामाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या कचेरींत सशस्त्र पोलीस शिरले व तिच्या तांत्रिक प्रमुखास अटक झाली. जनमत घ्यावें कीं घेऊं नये हा त्या देशाचा राजकीय प्रश्न आहे. त्यांत शिरण्याचें आपणांस कारण नाहीं. पण भाषेचा पत्ता सांभाळणारा कारकून राजकारणाच्या भांडणांत पकडला जाऊं शकतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडेही हें दूरचें राहिलेलें नाहीं. २०१२ च्या नोव्हेंबरांत, मुंबई बंद झाल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्यावरून आणि त्या आवडल्याची खूण केल्यावरून, पालघर येथील दोन तरुण मुलींस अटक झाली होती. ज्या कलमाचा तेथें आधार घेतला, तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. त्यासाठींही कोणातरी नागरिकास न्यायालयाची पायरी चढावी लागली. हक्क कागदावर असतो. तो वापरणारा व राखणारा समाज नसेल तर कागद तसाच राहतो.

एक रास्त आक्षेप

वडीलधारी मंडळी येथें विचारतील, कीं जो ग्रंथ कोणींही लिहावा त्यावर विश्वास कसा ठेवावा? केतकरांच्या कोशाला केतकर जबाबदार होते, याला कोण?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाची हकीकत त्यास पुष्टि देते. तेथें एका लहान गटानें कारभार हातीं घेतला आणि कित्येक वर्षें इतिहास आपल्या मताप्रमाणें वांकविला. २०२१ सालीं खुद्द विकिमीडिया प्रतिष्ठानानें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत हें मान्य केलें आहे. पण या उदाहरणावरून निघणारा बोध नीट पाहावा. तो कोश बिघडला तो पुष्कळ जण लिहीत होते म्हणून नव्हे, तर राखण करणारे थोडे उरले म्हणून. गांवच्या विहिरीवर सर्वांची ये-जा असली तर तींत घाण टाकण्याची कोणाची छाती होत नाहीं. ओसाड विहिरींत कोणींही कांहींही टाकतो. कोशांतील प्रत्येक वाक्यामागें आधार मागण्याची रीत आहे, प्रत्येक फेरफार कोणीं व केव्हां केला याची नोंद राहते, आणि चूक दिसतांच सुधारतां येते. परंतु ही सारी यंत्रसामग्री आहे. ती चालविण्यास जाणतीं माणसें पाहिजेत. जाणत्यांनीं दूर राहून अजाणांस नांवें ठेवणें हें कांहीं न्यायाचें नव्हे.

आतां यांत भर अशी पडली आहे, कीं प्रश्नांचीं उत्तरें देणारीं नवीं बोलकीं यंत्रें आंतरजालावरील असलेंच लिखाण वाचून शिकतात. ज्या भाषेंत मुक्त व भरंवशाचें लिखाण थोडें, त्या भाषेंत तीं यंत्रें अडखळतील किंवा इंग्रजीची छाया बोलतील, आणि आपलीं नातवंडें तीच मराठी समजून चालतील. म्हणून हा प्रश्न आतां हौसेचा राहिला नाहीं.

आपल्या घरापुरतें

मग आपण काय करावें? मराठीस राज्य आहे, विद्यापीठें आहेत. शासनाच्या खर्चानें तयार झालेला विश्वकोश आतां आंतरजालावर कोणासही विनामूल्य वाचतां येतो. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु ज्या गोष्टी केवळ कुटुंबांच्याच हातीं आहेत, त्या सरकार करूं शकत नाहीं. त्यांतील एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट एकत्र कुटुंबांपुढें मुद्दाम मांडावीशी वाटते.

पुष्कळ सुशिक्षित घराण्यांत कोणी आजोबा किंवा पणजोबा ग्रंथकार होऊन गेले आहेत. कोणीं गणिताचें क्रमिक पुस्तक लिहिलें, कोणीं प्रवासवर्णन, कोणीं वैद्यकावर, कोणीं आपल्या गांवच्या इतिहासावर. कोण्या आजीबाईंनीं पाकशास्त्र लिहिलें असेल. पुस्तक बाजारांतून नाहींसें होऊन पन्नास वर्षें झालीं असतील. पण ग्रंथकारास जाऊन साठ वर्षें झालीं नसतील, तर हक्क वारसांकडे असतो. शेतजमिनीप्रमाणें हाही हक्क वांटला जातो. पहिल्या पिढींत चार वारस, दुसरींत बारा, तिसरींत तीस. कोणी पुण्यास, कोणी नागपुरास, कोणी अमेरिकेंत. छापण्याची परवानगी द्यावयाची तर सर्व सहहक्कदारांची संमति लागते, आणि ती मिळविणें कोणासच शक्य होत नाहीं. अशा रीतीनें ज्या पुस्तकापासून कोणा वारसास एक पैचीही प्राप्ति नाहीं, तें पुस्तक केवळ हक्काच्या ओझ्याखालीं मरतें. वांटणीनें वाडे पडलेले आपण पाहिले आहेत. ग्रंथही तसेच पडतात, पण त्यांच्या पडण्याचा आवाज होत नाहीं.

यावर उपाय साधा आहे. दिवाळीला किंवा मुंजीला सारीं भावंडें एकत्र येतात, तेव्हां एका कागदावर सर्वांनीं सह्या करून आजोबांच्या अमुक पुस्तकास क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना देत आहों असें लिहून द्यावें. ज्यांचे स्वतःचे ग्रंथ आहेत त्यांनीं मृत्युपत्रांत तशी इच्छा स्पष्ट नमूद करावी. १९५७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें ग्रंथकारास हयातींतच हक्क सोडण्याचीही मोकळीक आहे. अशीं मुक्त केलेलीं पुस्तकें ठेवण्यासाठीं ‘मराठी विकिस्रोत’ नांवाचें ग्रंथभांडार आहे. संस्थेनेंही हें करतां येतें: गोवा विद्यापीठानें २०१३ सालीं आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश याच परवान्याखालीं खुला केला. केतकर १९३७ मध्यें निवर्तले. तेव्हांच्या ५० वर्षांच्या नियमानें त्यांचें स्वतःचें लेखन १९८८ पासूनच सर्वांचें झालेलें आहे. तें घेण्यास आतां कोणाची परवानगी नको. फक्त टंकून, तपासून मांडणारे हात हवेत.

ज्यांच्या घरीं ग्रंथकार नाहीं त्यांच्याही घरीं देण्यासारखें पुष्कळ असतें. आपल्या गांवच्या नदीचा घाट, बंद पडलेली शाळा, एखादी शेतीची रीत, सणाचा एखादा प्रकार, जुनीं छायाचित्रें. आजोबांना माहिती असते आणि नातीला यंत्र येतें. दोघांनीं आठवड्यांतून एक तास शेजारीं बसावें. आजोबांनीं सांगावें, नातीनें ग्रंथालयांतून आधार शोधावा, सूनबाईंनीं भाषा तपासावी, आणि लेख लिहून टाकावा. दहा घरांनीं असें केलें म्हणजे मंडळ झालें. मंडळ झालें म्हणजे गांवचें ग्रंथालय दार उघडतें, शाळा बोलावते, आणि पुढें एखादे वेळीं कायदेमंडळासही त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. बार्सेलोनाच्या मित्रमंडळाची गोष्ट याहून निराळी नाहीं.

अल्कोवेरनें १९०१ सालीं पत्र धाडून शब्द मागितले, आणि लोकांनीं ते पाठविले. एकशेंवर वर्षांनंतर त्याच लोकांच्या पणतवंडांनीं लेख लिहिले. मधल्या काळांत त्यांची शाळा गेली, छापखाने गेले, विद्वान परदेशांत मेले. संवय मात्र गेली नाहीं. मराठी भाषेवर तसला प्रसंग आलेला नाहीं, ही ईश्वराची कृपा. पण ज्यांच्यावर संकट आलें त्यांनीं एवढें करावें, आणि ज्यांना सर्व कांहीं अनुकूल आहे त्यांनीं पुढच्या पिढीस केवळ परभाषेंतील भांडार दाखवावें, हें शोभण्यासारखें नाहीं. माळ्यावरील पेटी उघडून आंत काय आहे तें पाहण्यास तरी कोणाच्या परवानगीची जरूर नाहीं.